हरकत

माझ्या हातून एकदा नदी सरकली.
म्हणजे नदी नाही, तिची निळी रेषा,
पूर इथपर्यंत येतो असं सांगणारी.
सरकारी कचेरी, दुसरा मजला, खिडकीशी माझं टेबल,
ट्रेसिंग पेपर, शून्य पॉइंट तीनचं पेन.
साहेब म्हणाले, इथे जरा आत घ्या.
जरा म्हणजे किती, एवढंच मी विचारलं.
त्यांनी करंगळीचं नख टेकवलं नकाशावर.
मी म्हणालो,
काही हरकत नाही.

सेंटिमीटरला चाळीस मीटर हे प्रमाण.
एका नखात काय काय मावतं
ते निवृत्तीनंतर पुलावरून दिसलं:
दोन टॉवर, खाली पार्किंग,
निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव.
भराव इकडे पडला,
पाणी मुकाट्यानं पलीकडे वळलं.
पलीकडे द्वारका खिलारेचं घर.

जुलैत पहाटे साडेतीनला धरणातून विसर्ग वाढवला.
क्युसेकचा आकडा माझ्या मोबाईलवर सातला आला,
चहाबरोबर.
द्वारकाबाई आकडा सांगत नाही.
ती कचरा वेगळा करता करता सांगते,
ओला इकडे, सुका तिकडे:
आधी चूल गेली, मग कॉट.
गॅसची टाकी तरंगली, रिकामीच होती.
पोरीची दहावीची पुस्तकं
ती नाही तरंगली.

दर गुरुवारी आम्ही सायकलच्या दुकानावरच्या खोलीत जमतो.
तन्वीर मणेर वकील, फी घेत नाही, बिस्किटं मात्र सगळी खातो.
कॉलेजची पोरं खडूनं झाडांवर आकडे घालून येतात.
ईशान्या चिडलेली असते,
महापालिकेच्या यादीत वाळुंजाला झुडूप म्हटलंय,
झुडूप तोडायला परवानगी लागत नाही.
मी नकाशे वाचून दाखवतो.
सगळे मला काका म्हणतात.
हे नकाशे मला इतके पाठ कसे
हे कुणी विचारलं नाही
आणि मी चार महिने सांगितलं नाही.

बागेतल्या सकाळच्या मंडळींचं म्हणणं,
तुम्ही पेन्शनवाले, तुमचं काय जातंय,
आम्हाला नदीकाठी चालायला फरसबंदी मिळतेय तर मिळू दे.
बायकोचं म्हणणं, आंदोलनाला जाताना स्वेटर न्या.
दोन्ही म्हणणी मी ऐकून घेतली.
स्वेटर नेला.

सुनावणी अकराची, सुरू पाऊणला.
भिंतीवर पंखा, टेबलावर आमच्या नऊशे बारा हरकती
सुतळीनं बांधलेल्या, अजून न सोडलेल्या.
नाव सांगितलं. पत्ता सांगितला.
अधिकारी वर न बघता म्हणाले,
आपला या जागेशी संबंध काय?
रहिवासी नाही, मालक नाही, बाधित नाही.

मी पिशवीतून जुनं ट्रेसिंग काढलं,
पिवळं पडलेलं, घड्यांवर विरलेलं.
म्हणालो, ही पहिली रेषा मी काढली, मोजून.
ही दुसरी पण मीच काढली. न मोजता.
मला हरकत आहे.

चौतीस वर्षं नोकरी केली.
हा शब्द नकाराशिवाय
पहिल्यांदाच तोंडातून निघाला,
आणि घोगरा निघाला.

तन्वीरचं बिस्किट हातातच राहिलं.
द्वारकाबाई माझ्या मागच्या खुर्चीत होती.
मी वळून बघितलं नाही.
साहेब लेखनिकाला म्हणाले, घ्या लिहून,
आणि आम्हाला, तीन प्रतींत द्या,
पुढची तारीख सतरा.

बाहेर आल्यावर कुणी काही बोललं नाही.
ईशान्या काका म्हणाली नाही.
संध्याकाळी पुलाखाली गेलो तर द्वारकाबाई तिथेच,
पदर खोचून उभी.
म्हणाली, दाखवा. चाळीस मीटर म्हणजे कुठून कुठवर?
भरावाच्या पायथ्यापासून आम्ही चालायला लागलो,
ती मोठ्यानं मोजत, मी मनात.
मध्ये राडारोडा, फुटकी संडासाची भांडी,
एक वाळुंज, बुंध्यावर खडूनं सदतीस.
तिची पंचावन्न पावलं झाली, माझी एकसष्ट.

तुमचं पाऊल आखूड आहे,
ती म्हणाली,
परत मोजा.